अंगठ्याचा नाद : ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी’

ही सीडी घेतलीत तर पहिल्यांदा ती पाचव्या ट्रॅकपासून लावा. रचनेचं नाव ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’. साडेसात मिनिटांच्या आत ती संपते, पण वेस माँटगोमेरी या माणसाला जॅझ गिटारच्या जगात एवढा मान का आहे, ते सगळं तिच्यात आलेलं आहे. ते कानात बसलं की मग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. आठ रचना, चार वादक, सुमारे ४४ मिनिटं. २६ आणि २८ जानेवारी १९६० या दोन दिवसांत न्यूयॉर्कच्या रीव्ह्ज साउंड स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण झालं. कंपनी रिव्हरसाइड, निर्माता ऑरिन कीपन्यूज. माझ्याकडे आहे ती ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ या मालिकेतली सीडी.

मी मिरजेचा. तंबोरे आणि सतारी बनवणं, जुन्या दुरुस्त करणं आणि जवारी काढणं हा आमच्या घरचा धंदा. त्यामुळे कुठलंही तंतुवाद्य कानावर पडलं की काय वाजतंय याच्या आधी मला ऐकू येतो तो आघात. तार कशाने छेडली, घोडीपासून (तारा ज्या आडव्या पट्टीवरून जातात तिच्यापासून) किती लांब छेडली आणि सुटल्यावर ती किती वेळ बोलत राहिली. जॅझमधल्या कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या अनेक स्वरांच्या जुडग्याचा, हिशेब मला बऱ्याच उशिरा कळायला लागला. वेसचा आवाज मात्र पहिल्या ऐकण्यातच कळला. म्हणून मीही आवाजापासूनच सुरुवात करतो.

बहुतेक जॅझ गिटारवादक पिकने, म्हणजे बोटांत धरायच्या छोट्या चपट्या तुकड्याने, वाजवतात. वेस पिक हातात धरत नसे. उजव्या हाताचा अंगठा, आणि तोही नखाच्या बाजूने नव्हे, मांसल बाजूने. यामागची गोष्ट त्याने स्वतःच सांगून ठेवलेली आहे. दिवसभर कामावर आणि रात्री घरी रियाज. अॅम्प्लिफायर लावून पिकने वाजवलं की घरच्यांना आणि शेजाऱ्यांना त्रास व्हायचा, म्हणून तो अंगठ्याने हळू वाजवायला लागला. मग तोच आवाज त्याला आवडला आणि त्याने तो सोडला नाही. अंगठ्याला घट्टा पडला होता. युरोपातल्या टीव्हीसाठी १९६५ साली त्याचे काही कार्यक्रम चित्रित झाले, ते आज सहज बघायला मिळतात. त्यात उजवा हात नीट बघा. बाकीची बोटं गिटारच्या अंगावर टेकलेली, मनगट जवळजवळ स्थिर, आणि फक्त अंगठा चालतोय. चेहऱ्यावर हसू.

आता यात विशेष काय, ते आमच्या कामाच्या भाषेत सांगतो. सतारीला लोखंडी नखी असते. पोलादाच्या तारेवर लोखंडाचा आघात झाला की स्वराच्या तोंडाशी एक धार येते. तंबोरा मात्र बोटाच्या मांसाने छेडतात. मांस तारेला रुंद टेकतं आणि तिच्यावरून सावकाश सुटतं, त्यामुळे आघाताचा कडकपणा जातो आणि वरचे बारीक स्वर कमी उमटतात. तंबोऱ्यात ही उणीव जवारी भरून काढते. घोडीचा माथा आम्ही असा घासतो की तार त्याला चाटत चाटत कंप पावते आणि बारीक स्वरांचा सगळा झंकार परत येतो. वेस ज्या जातीची गिटार वाजवायचा, तिच्या घोडीत जवारी नसते. तार एका कडेवरून सुटते, संपलं. त्यात तारा जाड, आणि त्यांची गुंडाळी गोल तारेची नसून सपाट पट्टीची. म्हणजे बोट सरकलं तरी खरखर नाही आणि झंकार तर आणखीच कमी. असा सगळा ऐवज एकत्र आला की वाद्य बसकं वाजायला हवं. आमच्याकडे अशा तंबोऱ्याला ‘जवारी बंद आहे’ म्हणतात आणि तो परत कामाला घेतात.

वेसचा आवाज बंद नाही. गोल आहे, भरलेला आहे, आणि तरी प्रत्येक स्वराला स्वतःचं तोंड आहे. यात गिटार आणि अॅम्प्लिफायरचा वाटा असेलच, पण मोठा वाटा अंगठ्याच्या चालीचा आहे. पिकवाले खाली-वर, खाली-वर असं वाजवतात आणि वरच्या आघाताला खालच्या आघाताचं वजन नसतं. वेस एकेरी स्वरांच्या ओळी बहुतांशी खालच्या दिशेच्या आघातानेच वाजवतो. म्हणून ओळीतला कुठलाही स्वर हलका पडत नाही. पहिला ट्रॅक आहे सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सची ‘एअरेजिन’. चांगलीच जलद लय. ती ऐकताना हे ध्यानात ठेवा की एवढ्या वेगाने जाणारा एकेक स्वर बहुतेक वेळा अंगठा नव्याने उचलून खाली आणून वाजवलेला आहे. मी हे कितीही वेळा ऐकलं तरी त्या ओळींत घाई झालेली मला सापडलेली नाही.

वेस १९२३ साली इंडियानापोलिसमध्ये जन्मला. मोठा भाऊ मंक बासवादक, धाकटा बडी पियानो आणि व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठीने वाजवायचं वाद्य) वाजवायचा. त्या मानाने वेस गिटारकडे उशिरा वळला, विशीच्या आसपास. कारण झाला चार्ली ख्रिश्चन. बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात १९३९ साली आलेला हा पोरगा. गिटार ताल धरून बसणारं वाद्य होतं, तिला विजेच्या जोडणीवर सॅक्सोफोनच्या शेजारी उभं राहून एकल वादन करायला त्याने शिकवलं, आणि १९४२ साली पंचविसाव्या वर्षी तो क्षयाने गेला. त्याचं ‘सोलो फ्लाइट’ ऐकून वेसने गिटार घेतली आणि ख्रिश्चनच्या ध्वनिमुद्रणांतले तुकडे एकेक करून पाठ केले. स्वरलिपी त्याला शेवटपर्यंत वाचता येत नव्हती. जे काही होतं ते कानाने घेतलेलं. गुरूला समोर न बघता नुसतं ध्वनिमुद्रिकांवरून शिकलेली माणसं आमच्या दुकानातही येतात. एखाद्या तानेत त्यांचा हात थोडा वेगळ्याच वाटेने जातो तेव्हा मला वेस आठवतो.

१९४८ ते १९५० तो लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदात फिरला, मग गावी परतला. घरी बायको आणि मोठा पोरवडा. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत कारखाना, रात्री नऊ ते दोन एका बारमध्ये वादन, तिथून उठून अडीचपासून पहाटे पाचपर्यंत ‘मिसाइल रूम’ नावाच्या दुसऱ्या ठिकाणी वादन. अशी त्याने वर्षं काढली. १९५९ साली कॅननबॉल अॅडर्ली हा सॅक्सोफोनवादक इंडियानापोलिसला आला असताना त्याने वेसला ऐकलं आणि न्यूयॉर्कला जाऊन कीपन्यूजच्या मागे लागला. त्यातून करार झाला. तेव्हा वेस छत्तीस वर्षांचा होता. या सीडीत जो पक्केपणा ऐकू येतो तो नव्या मुलाचा नाही. रोज रात्री लोकांसमोर वाजवून, त्यांच्या गडबडीत, त्यांच्या फर्माइशीत तयार झालेल्या माणसाचा आहे.

आता ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’. रचना वेसची स्वतःची. ब्लूज हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून आलेला प्रकार. त्याचा साचा बारा खंडांचा, तो बहुतेक वेळा चारच्या वजनात चालतो. वेसने तो तीन-तीनच्या वजनात टाकला आहे, त्यामुळे चालीला एक झोका मिळाला आहे. मूळ धून झाली की एकल वादन सुरू होतं आणि तेच मला तुम्हाला ऐकवायचं आहे. सुरुवातीला एकेरी स्वर. आवर्तनामागून आवर्तनं तो एकेरी स्वरांतच राहतो, साधी वाक्यं बोलतो, एखादं वाक्य पुढच्या आवर्तनात जरा फिरवून परत घेतो. मग एका ठिकाणी, अगदी सहज, एकेका स्वराच्या जागी त्याची जोडी येते. तोच स्वर दोन सप्तकांत, एकाच वेळी. याला ऑक्टेव्ह म्हणतात. त्याही अंगाने आवर्तनं झाली की तिसरी पायरी येते, कॉर्डची. चाल सगळ्यांत वरच्या स्वरात आणि तिच्याखाली भरगच्च स्वर, डाव्या हाताची पकड प्रत्येक मात्रेला बदलते आहे. एकेरी, मग जोडी, मग पूर्ण कॉर्ड. एकटा माणूस, एक गिटार, आणि आवाज असा वाढत जातो की शेवटी समोर अख्खा ताफा वाजतोय असं वाटतं.

ख्याल ऐकणाऱ्याला बढत, म्हणजे पायरीपायरीने फुलवत नेणं, सांगायला नको. वेसने ख्याल ऐकला होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. जे त्याने केलं ते ब्लूजमधून आणि ज्या बारमध्ये तो वाजवायचा तिथल्या श्रोत्यांमधून आलं. पण आपल्या कानाला त्यात चटकन शिरता येतं, कारण पुढच्या पायरीवर जाण्याआधी आधीची पायरी पुरी वापरायची ही सवय आपल्याला ओळखीची आहे. अनेक गिटारवादक, आणि त्यात मोठी नावंही आहेत, पहिल्या आवर्तनातच हातात असेल ते सगळं दाखवून मोकळे होतात. वेस राखून ठेवतो. आणि जेव्हा देतो तेव्हा त्याची जागा झालेली असते.

ऑक्टेव्हबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ती ऐकायला सोपी वाटतात. गिटारवर एकाच स्वराची दोन सप्तकं शेजारच्या तारांवर सोयीने सापडत नाहीत. मध्ये एक तार सोडावी लागते. सहाव्या आणि चौथ्या तारेवर वाजवताना दोन पडद्यांचं अंतर, पाचव्या-तिसऱ्यावरही तेवढंच. चौथ्या-दुसऱ्यावर किंवा तिसऱ्या-पहिल्यावर आलात की तेच अंतर तीन पडद्यांचं होतं, कारण तारांची जुळणी तिथे बदलते. म्हणजे ओळ वर-खाली जाताना हाताचा आकार मध्येच बदलावा लागतो. त्यात मधली तार वाजता कामा नये. ती डाव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या पोटाने दाबून नव्हे, नुसती टेकून मुकी करायची. उजवा अंगठा तिन्ही तारांवरून जातो आणि बोलतात दोनच. जाँगो राइनहार्ट या गिटारवादकाने युरोपात आधीच ऑक्टेव्ह वाजवली होती, पण ओघात मधूनच, रंगत म्हणून. वेसने त्यांच्यात पूर्ण वाक्यं बोलून दाखवली, जलद लयीत, घसीट घेत. हे करायला लागलो तेव्हा डोकं दुखायचं असं त्याने सांगितलेलं आहे, आणि पडद्यांचा हा हिशेब पाहिला की ते पटतं.

तिसरा ट्रॅक ‘पोल्का डॉट्स अँड मूनबीम्स’. विलंबित गाणं, आणि माझ्या मते या सीडीतलं सगळ्यांत सुंदर काम. इथे वेस मूळ चाल बहुतेक ऑक्टेव्ह आणि कॉर्डमध्ये गातो. ‘गातो’ हेच क्रियापद बरोबर आहे. दोन स्वरांमधलं अंतर तो घसटत पार करतो, म्हणजे सतारीसारखी तार ओढून मींड घेत नाही (त्या जाड तारांवर ती घेणं सोपंही नाही), तर बोटं पडद्यांवरून सरकवतो. पण दोन तारा एकदम सरकवायच्या आणि त्या वेळी मधली मुकी ठेवायची म्हणजे काय, ते आत्ता सांगितलं. इथे ते इतक्या संथपणे होतं की त्यामागची मेहनत दिसतच नाही. वाक्य संपल्यावर तो स्वर जेवढा टिकेल तेवढा टिकू देतो, पुढचं वाक्य त्याच्या अंगावर टाकत नाही. वाद्य बनवणाऱ्या माणसाला यासारखा आनंद नाही. आम्ही लाकूड वाळवतो, तबलीची, म्हणजे वाद्याच्या वरच्या फळीची, जाडी हाताने चाचपून कमी करतो, ते सगळं त्या टिकण्यासाठीच असतं, आणि वाजवणाऱ्याने त्याला वेळच दिला नाही तर उपयोग काय?

साथीची माणसं तोलामोलाची आहेत. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर पर्सी हीथ, ड्रमवर त्याचा धाकटा भाऊ अल्बर्ट हीथ. पर्सी तेव्हा ‘मॉडर्न जॅझ क्वार्टेट’ या चौघांच्या ताफ्याचा बासवादक होता. फ्लॅनगन याच्या आधी रोलिन्स आणि जॉन कोल्ट्रेन या दोन्ही सॅक्सोफोनवादकांच्या महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांत वाजवून आलेला. गिटार आणि पियानो एकत्र आले की एक अडचण असते, दोघंही कॉर्ड वाजवू शकतात आणि एकमेकांच्या पायात येतात. फ्लॅनगन इथे काय करतो ते बघा. वेस एकेरी स्वरांत असतो तेव्हा तो खाली आधार देतो आणि वेस कॉर्डवर गेला की स्वतःचा हात आवरता घेतो. साथीला बसणाऱ्या पेटीवाल्यांनी हे ऐकावं असं मला मनापासून वाटतं. त्याची स्वतःची एकल वादनं नेटकी आहेत, जरा जास्त लांब असती तर बरं झालं असतं. ‘फोर ऑन सिक्स’मध्ये बास आणि गिटार मिळून ज्या तुकड्याने सुरुवात करतात, तो तुकडा जगभरचे गिटार शिकणारे आजही घोकतात. एकदा ऐकलात की दिवसभर तुमच्याही डोक्यात वाजत राहील.

सगळंच सारखं आहे असं नाही. ‘मिस्टर वॉकर’ मला फार पकडत नाही. ताल लॅटिन वळणाचा, चाल आकर्षक, पण वेसला त्यात मोकळं व्हायला जागा मिळत नाही असं वाटतं. ‘डी-नॅचरल ब्लूज’ संथ, निवांत, कामाच्या वेळी लावायला छान, पण ‘वेस्ट कोस्ट’च्या शेजारी तो लहान वाटतो. पियानोवादक डेव्ह ब्रुबेकची ‘इन युअर ओन स्वीट वे’ चांगली आहे, तिच्याबद्दल जास्त काही म्हणायचं नाही. ध्वनिमुद्रणात पियानो थोडा मागे बसल्यासारखा ऐकू येतो. गिटार मात्र समोर आहे, आणि अंगठ्याचा तारेला होणारा स्पर्श हेडफोनशिवायही कळतो. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. या आवाजाचा सगळा जीव मधल्या आणि खालच्या स्वरांत आहे आणि तिथे तेच गळून जातात.

शेवटची ‘गॉन विथ द विंड’ ही त्या काळी सगळ्यांना पाठ असलेली चाल. मध्य लय, कसलंही ओझं नाही. इथेही तीन पायऱ्या आहेत, पण ‘वेस्ट कोस्ट’ ऐकलेला असला की आता तुम्ही वाट बघत बसता, कधी बदलणार म्हणून, आणि तो जिथे बदलतो तिथे बरोबरच वाटतं.

या ध्वनिमुद्रिकेनंतर वेसचं नाव झालं. २०१६ सालच्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात जतन करण्यासाठी घेतली. वेसला स्वतःला मात्र पुढे फार वर्षं मिळाली नाहीत. १५ जून १९६८ रोजी हृदयविकाराने तो गेला, पंचेचाळीस वर्षांचा. शेवटच्या काही वर्षांत त्याने व्हायोलिनच्या ताफ्याबरोबर लोकप्रिय गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका केल्या. त्या खूप खपल्या, त्याला ग्रॅमी मिळालं, घराला पैसा मिळाला, आणि सकाळी कारखान्यात उभं राहिलेल्या माणसाला तो मिळायलाच हवा होता. ऐकायला मात्र मी त्या काढत नाही. आवाज तोच, अंगठा तोच, पण तीन मिनिटांच्या गाण्यात बढतीला जागाच नाही. ऑक्टेव्हमध्ये चाल वाजवली की संपलं.

ही सीडी आवडली तर पुढे ‘फुल हाउस’ घ्या. १९६२ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे श्रोत्यांसमोर झालेलं ध्वनिमुद्रण, जॉनी ग्रिफिनचा सॅक्सोफोन जोडीला. त्यानंतर १९६५ चं ‘स्मोकिन अॅट द हाफ नोट’, पियानोवादक विंटन केलीच्या त्रयीबरोबर. जॅझ गिटार आणि आपल्याकडचा सूर एकत्र ऐकायचा असेल तर मुंबईत जन्मलेल्या अमान्सिओ डिसिल्व्हाने १९६९ साली लंडनमध्ये केलेलं ‘इंटिग्रेशन’ शोधा. गोव्याच्या घरातला माणूस, त्याच्याबद्दल आपल्याकडे फार थोडं लिहिलं गेलं आहे. पण सुरुवात वेसपासूनच करा, आणि गिटार शिकणारं कुणी घरात असेल तर ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ त्याला आधी नुसता ऐकू द्या. वाजवायला घेण्याची घाई नको. एकेरीतून जोडीत तो नेमका कुठल्या आवर्तनाला जातो, तेवढं बोटावर मोजून सांगता आलं की मग गिटार हातात द्या.